त्या मुलाचे पुढे काय झाले?

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे सात पानी पत्र मंगळवारी मिळाले आणि दोनदा वाचून झाले. बाल न्याय मंडळासमोर प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे आरोपी मुलाचा खटला प्रौढासारखा चालावा का याची तपासणी, होते त्या दिवशी तू बाहेरच्या व्हरांड्यात बसला होतास. बाकाच्या एका टोकाला त्या सतरा वर्षांच्या मुलाची आई होती, दुसऱ्या टोकाला ज्याचा मुलगा मारला गेला तो बाप होता, आणि त्या दोघांनाही पाणी तूच आणून दिलेस. घरी आल्यावर आपण नक्की कोणाच्या बाजूचे आहोत हे तुला कळेनासे झाले. मार्गदर्शक म्हणतात, सोळा ते अठरा वयाच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घे, तक्ते काढ आणि तीन वर्षांत प्रबंध हातावेगळा कर. घरचे म्हणतात, गुन्हेगारांची वकिली करण्यासाठी एवढे शिकलास का? म्हणून तू मला विचारतोस की विषयच बदलावा का.

विषय बदलू नकोस. मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात घालू नये, कोठडीत मारू नये, त्याचे नाव छापू नये, हे तुला पटवून द्यावे लागणार असते तर मी कागद हाती घेतलाच नसता. माझे भांडण वेगळे आहे. तुझ्या सात पानांत कायदा आहे, करुणा आहे, मानसशास्त्र आहे, पण एक प्रश्न कोठेही नाही: त्या मुलाचे पुढे काय झाले? बाकाशेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाचे अजून सगळेच व्हायचे आहे. मी विचारते आहे ते याच मंडळासमोर पाच, सात, नऊ वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या मुलांबद्दल. ते कोठे आहेत, काय कमावतात, कोणाबरोबर राहतात, पुन्हा पकडले गेले का, गेले असतील तर कशासाठी, आणि गेले नसतील तर ते कशामुळे थांबले? हे ठाऊक नसताना बाजू कसली घेतोस? तुझा संभ्रम मला खोटा वाटत नाही, पण तो ज्ञानाच्या अभावातून आलेला आहे आणि त्याला तत्त्वचिंतनाचे रूप देऊ नकोस.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचे पंधरावे कलम तुला पाठ आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा असेल, तर मंडळाने तीन महिन्यांत त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहायचे आणि त्याचा खटला प्रौढासारखा चालावा की नाही हे ठरवायचे. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारे कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारकच समजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. यावर तू तीन पाने लिहिली आहेस आणि ती चांगली आहेत. पण एकोणिसावे कलम तू नुसते उल्लेखून पुढे गेलास. बालकांच्या न्यायालयाने शिक्षा दिल्यावर मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थानी ठेवायचे आणि त्याच्या प्रगतीचा अहवाल दरवर्षी मागवायचा, असे त्या कलमात आहे. विसाव्या कलमात आहे की तो एकवीस वर्षांचा झाल्यावर त्याच्यात खरोखर बदल झाला का हे पुन्हा तपासायचे. म्हणजे माझा प्रश्न कायद्यानेच विचारला आहे, आणि अभ्यास करणाऱ्यांनी तो विचारायचे सोडून दिले आहे. मूल्यांकनाच्या दिवसावर निबंध लिहिणारे खूप आहेत. त्या वार्षिक अहवालांवर लिहिणारा कोणी असेल तर त्याचे नाव मला कळव, मी त्याला जेवायला बोलावीन.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. उरलेली आज लिहिते, कारण त्याशिवाय माझा हट्ट तुला निव्वळ म्हातारपणाचा वाटेल.

१९८६ चा बाल न्याय कायदा नुकताच लागू झाला होता आणि मी प्रोबेशन ऑफिसर म्हणून नवीन होते. त्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंतच बालक मानला जाई आणि मुलगी अठराव्या वर्षापर्यंत; दोघांची मर्यादा अठरा केली ती २००० च्या कायद्याने. चौदा वर्षांचा एक मुलगा तांब्याच्या तारेच्या चोरीत आला होता. गृहचौकशीसाठी मी बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीत गेले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. दाराला साखळी आणि तिच्यात लाकडाची खुंटी खोचलेली. ओट्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन त्याला कुरमुरे भरवीत होती, एकेक दाणा, तो गिळेपर्यंत थांबून मग पुढचा. शेजारीण म्हणाली, आई बाजारात असते. मी उभ्या उभ्याच छापील फॉर्म भरला. पालकांची देखरेख, या रकान्यात "नाही". सुधारणेची शक्यता, "कमी". जातीचाही रकाना होता. तो भरल्यावर वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल मला जरा अधिकच खात्री वाटली, हे आज कबूल करते. मुलगा संस्थेत गेला आणि फाइल बंद झाली. अशाच फायलींवर मी पुढे माझा अभ्यास उभारला, परिसंवादांत निबंध वाचले, आणि कौटुंबिक देखरेखीचा अभाव हा माझा निष्कर्ष लोक आपल्या निबंधांत उतरवून घेऊ लागले.

ती आई खंडेराव मार्केटात भाजी विकत असे. पहाटे साडेतीनला घर सोडायची आणि साडेबारापर्यंत परत यायची. त्यानंतर दुसऱ्या पहाटेपर्यंत ती मुलांबरोबरच असायची, म्हणजे नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. हे मला वीस-बावीस वर्षांनी कळले, तेही तिच्याच तोंडून. "बहेन, तासाभराने आला असतात तर मी भेटले असते," एवढेच ती बोलली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून सोसत नाही. ओट्यावरची ती मुलगी मी पाहिली होती. भावाला कसे भरवते हे पाहिले होते. ती देखरेख होती, आणि माझ्या फॉर्मात तिच्यासाठी रकाना नव्हता.

तो मुलगा संस्थेतून दोनदा पळाला. दुसऱ्यांदा सुरतेला मामाकडे गेला, मामाने त्याला नळजोडणीच्या कामाला लावले आणि त्यानंतर त्याने पोलीस चौकीचे तोंड पाहिले नाही. ज्याच्या फाइलवर मी "उत्तम प्रगती" असा शेरा दिला होता, जो प्रार्थना सांगायचा, पाहुणे आले की ज्याला पुढे उभे करायचे, असा दुसरा एक मुलगा मला मध्यवर्ती कारागृहाच्या भेटीच्या खिडकीपलीकडे सापडला. सेवानिवृत्तीनंतर मी जेवढ्यांना शोधू शकले तेवढ्यांना शोधले, जेमतेम निम्मे मिळाले, आणि जे मिळाले त्यांच्या आयुष्याचा माझ्या शेऱ्यांशी फारसा संबंध नव्हता. कोणी बायकोमुळे सावरला होता, कोणी एका मालकाने किल्ली विश्वासाने हाती दिल्यामुळे. माझ्या कार्यक्रमामुळे सावरलो असे एकाने सांगितले. तो मला बरे वाटावे म्हणून सांगत होता, हे मी ओळखले.

यावर तू म्हणशील, एका बाईचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. खरे आहे. म्हणून ज्यांनी मोजून पाहिले त्यांच्याकडे चल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९३९ साली एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायची आणि दुसऱ्याला नाही: घरी भेटी, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरे, अडचणीत ऐकून घेणारा एक माणूस, आणि हे सगळे काही वर्षे. आपण जे जे करावे म्हणतो ते सारे तेथे झाले. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांना, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषांना, शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी मनापासून सांगितले की आमचा फायदा झाला. आणि नोंदी सांगत होत्या की पुन्हा गुन्हा, दारू, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू या बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की वारंवार शिबिराला पाठवलेल्या मुलांचे नुकसान अधिक झाले. अडचणीतल्या मुलांना एकत्र कोंडले की ती एकमेकांकडून शिकतात. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती आपली निरीक्षणगृहे आठव. १९४५ साली प्रयोग संपला तेव्हाच कोणी समाधानपत्रे गोळा करून अहवाल छापला असता तर तो आदर्श म्हणून देशोदेशी गेला असता. एका बाईने तीस वर्षांनी विचारले, त्या मुलांचे पुढे काय झाले, म्हणून हे कळले.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या पतिपत्नींनी बॉस्टनमधील ५०० गुन्हेगार ठरलेल्या आणि ५०० न ठरलेल्या मुलांचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला आणि लहानपणीच्या घरगुती परिस्थितीवरून पुढचा गुन्हेगार ओळखण्याचे तक्ते बनवले. माझा फॉर्म त्या तक्त्यांचा दूरचा नातू होता. ऐंशीच्या दशकात जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांना त्यांची मूळ कागदपत्रे हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत भरलेली सापडली. त्यांनी ती पुन्हा मांडली आणि मग त्या मुलांचा माग त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. निष्कर्ष असा की जवळजवळ सगळेच कधी ना कधी थांबले, आणि कोण लवकर थांबेल व कोण उशिरा हे बालपणाच्या तक्त्यावरून सांगता येत नव्हते. लग्न, टिकाऊ काम, सैन्यातली नोकरी अशा मधल्या वळणांनी ते ठरत होते. सतराव्या वर्षी, एका दुपारी, दोन तासांच्या मुलाखतीवरून ज्या मुलाचे भवितव्य ठरवतात त्याच्या मूल्यांकनावर तू प्रबंध लिहिणार आहेस. ही गोष्ट त्याच्या पहिल्या प्रकरणात यायला हवी.

भाकित करण्याचा हा मोह आपल्याकडे नवा नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी पोलीस ठाण्यातली नजर बदलली नाही. अशा जमातींच्या, म्हणजे विमुक्तांच्या, हक्कांसाठीचा कृतिगट १९९८ साली आपल्या बडोद्यातच आकाराला आला, भाषाअभ्यासक गणेश देवी आणि लेखिका महाश्वेता देवी त्यात होते. त्या दिवसांत माझ्या कार्यालयातल्या कोणालाही, आणि मलाही, आपल्या फॉर्ममधल्या त्या एका रकान्याचा या साऱ्याशी काही संबंध आहे असे वाटले नाही. तुझ्या प्रश्नावलीत तो रकाना मला दिसला. तो कशासाठी ठेवला आहेस याचे लेखी उत्तर स्वतःला देऊन मगच ठेव.

आता आपल्या बिरादरीविषयी. दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल येतो आणि महिनाभरात त्यातल्या तक्त्यांवर निबंधांचे पीक येते. बालगुन्हेगारी वाढली, बालगुन्हेगारी घटली. त्या तक्त्यात पोलिसांनी काय नोंदवले आणि कोणाला पकडले एवढेच असते; ठाण्यात समज देऊन सोडलेले मूल त्यात नसते, श्रीमंत बापाने परस्पर मिटवलेले प्रकरण नसते. त्यातूनच एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षे दिसत आली आहे: पकडलेली बहुसंख्य मुले आईवडिलांजवळ राहणारी असतात. अनाथ, बेवारस मूल गुन्ह्याकडे वळते ही आपली लाडकी समजूत तेथेच कोसळते, तरी व्यासपीठावरून ती अजून ऐकू येते. मी अशा किती परिसंवादांना बसले असेन! चहाच्या वेळी मी एकच प्रश्न विचारायची आणि लोक कप घेऊन दुसऱ्या घोळक्यात जायचे. मला भांडखोर म्हणत. एका निवड समितीने माझा पाठपुराव्याचा प्रस्ताव "वेळखाऊ" म्हणून परत केला, तोही दोन वेळा. मी तेव्हा अधिक जोर लावायला हवा होता की नव्हता, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. घर होते, सासूबाईंचे आजारपण होते, नोकरी होती. तरी जोर लावायला हवा होता. मी रागावून गप्प बसले, आणि त्या दहा वर्षांत कितीतरी मुलांचे पत्ते हातातून गेले.

पाठपुरावा म्हणजे माग काढणे नव्हे, हे मी महागात शिकले, आणि येथे तुला माझ्यापेक्षा बरे वागावे लागेल. शोधताशोधता मी एकदा एका दुकानात गेले. तो तेथे काउंटरवर कामाला होता, तिशीचा झाला होता. मी आनंदाने त्याचे नाव घेतले आणि "संस्थेत होतास ना?" असे विचारून बसले. मालक दोन हातांवर उभा होता. तो काही बोलला नाही. पंधरवड्याने मी पुन्हा गेले तेव्हा काउंटरवर दुसराच मुलगा होता. त्याचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही, आणि ते न कळण्याचे कारण मी स्वतः आहे. माझ्या प्रश्नावरचा माझा विश्वास त्याने डळमळला नाही. मी तो चुकीच्या जागी, चुकीच्या माणसासमोर विचारला. पण त्या मुलाला हा फरक समजावून सांगून काय उपयोग?

म्हणून काही गोष्टी पाळ. कायद्याचे तिसरे कलम मुलाला नवी सुरुवात करण्याचा हक्क देते, चोविसावे कलम बहुतांश प्रकरणांत दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता काढून टाकते आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायला सांगते, चौऱ्याहत्तरावे ओळख उघड करण्यास मनाई करते. ही कलमे संशोधकाच्या आड येतात अशी कुरकुर तुझ्या पत्रात आहे. ती ऐकून मला राग आला. ती कलमे मुलासाठी आहेत आणि त्यांच्यापुढे तुझा प्रबंध क्षुल्लक आहे. वाट त्यांच्यातूनच काढायची. मूल संस्थेत असतानाच त्याची आणि पालकांची संमती माग, पाच वर्षांनी विचारले तर चालेल का, कोणामार्फत विचारू, आणि नको म्हणायचा हक्क प्रत्येक वेळी नव्याने आहे, हे त्याच्या भाषेत सांग. अठरा पूर्ण झाल्यावर संमती पुन्हा घे, कारण आधीची त्याच्या वतीने दुसऱ्याने दिलेली होती. निरोप शक्यतो आईकडे ठेव. माणसे शहर बदलतात, नंबर बदलतात, आईचा पत्ता राहतो. कामाच्या जागी जाऊ नकोस. पोलिसांकडून पत्ता घेऊ नकोस, मग तो कितीही सहज मिळत असो. सरकारी जीपमधून तर वस्तीत पाऊलही टाकू नकोस. दुपारी जा, संध्याकाळी जा, रविवारी जा, एकाच घरी तीन वेगवेगळ्या वेळी जा आणि वेळ टिपून ठेव, कारण कोणत्या वेळी पाहिले हाही निष्कर्षाचा भाग आहे.

आणि त्या बापालाही विसरू नकोस. ज्याचा मुलगा गेला त्याचे पुढे काय झाले, हे तर आपल्या शास्त्रात कोणीच विचारत नाही. मुलाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आम्हा लोकांना त्या घरी जायला संकोच वाटायचा, जणू तेथे गेलो तर आपली बाजू दुबळी होईल. तू दोघांना पाणी दिलेस, तेव्हा दोघांकडे जा. वर्षभराने जा. कदाचित तो अजून संतापलेला असेल आणि तुला दारातून परत पाठवील. ते लिहून ठेव.

तीन वर्षांत हे होणार नाही, असे मार्गदर्शक म्हणतात आणि ते चूक नाहीत. तीन वर्षांत तू प्रबंधापुरते लिही: गेल्या काही वर्षांत सुटलेल्या, संमती देणाऱ्या थोड्या मुलांवर, दहा असली तरी चालतील, पण प्रत्येकाच्या घरी वारंवार गेलेला. उरलेले आयुष्य पडले आहे. शंभर प्रश्नावल्यांपेक्षा दहा घरे बरी, हे मी मौखिक परीक्षेला येऊन तुझ्या परीक्षकांसमोर सांगायला तयार आहे, बोलावले तर. लोक तुला गुन्हेगारांचा वकील म्हणतील. म्हणू देत. घरच्यांना मात्र एकदा बरोबर ने, तुझ्या आईला तर नक्कीच. एखाद्या संध्याकाळी त्या मुलाच्या आईशेजारी बसली की तिला तुझा विषय आपोआप कळेल.

माझ्याकडे लोखंडी पेटीत अकरा वह्या आहेत. नावे मी ब्लेडने कापून काढली आहेत, तसे वचन दिले होते. तारखा, भेटीच्या वेळा, माझे जुने शेरे आणि त्यापुढे लाल शाईत नंतर कळलेले, एवढे त्यात आहे. ज्या पानांवर लाल शाई नाही ती पानेही तशीच ठेवली आहेत. रविवारी चारनंतर ये आणि दोन वह्या घेऊन जा, सगळ्या एकदम देणार नाही. तुझा संमतीपत्राचा मसुदा मी सोबत परत पाठवते आहे. भाषा फार सरकारी झाली आहे, "उपरोक्त" आणि "सदरहू" काढ. तिसऱ्या ओळीत "तुम्ही केलेल्या गुन्ह्यानंतर" असे लिहिले आहेस, तेथे "तुम्ही संस्थेतून घरी गेल्यानंतर" असे कर, आणि खाली सहीच्या जागेशेजारी अंगठ्यासाठी चौकोन ठेव.

तुझी,
मावशी